ऐतिहासिक कागदांतील कालनिर्देश आणि संगणकाचें घड्याळ

खासगी संग्रहांतील व संस्थांच्या दप्तरांतील कागदांच्या याद्या संगणकावर चढविण्याचें काम सांप्रत चोहोंकडे सुरू आहे. वाळवी, ओल आणि वारसांची अनास्था या तीन शत्रूंच्या तावडींतून निदान कागदाचा गोषवारा तरी सुटावा, या हेतूनें चाललेलें हें काम स्तुत्य होय. तथापि या याद्यांबरोबर एका नव्या जातीचा लेखनप्रमाद आपल्या शास्त्रांत शिरत आहे, आणि त्याची दखल वेळींच घेतली नाहीं तर पुढील पिढीस तो निस्तरणें कठिण जाईल, असें आम्हांस वाटतें. जुन्या लेखनिकाचे प्रमाद आपल्या परिचयाचे आहेत. शुद्धाचें वद्य होतें, आंकडा उलटा पडतो, नकलेंत एक ओळ गळते. त्यांचें मूळ थकलेल्या डोळ्यांत किंवा हातांत असल्यामुळें ते आज ना उद्यां सांपडतात. नवा प्रमाद गणिताचा आहे. तो सर्व नोंदींत सारखाच होतो, आणि यंत्रानें केलेला म्हणून त्याच्यावर कोणी संशय घेत नाहीं.

उदाहरणानें बोलूं. आमच्या पाहण्यांत आलेल्या एका यादींत पेशवेकालीन पत्रांच्या इंग्रजी तारखा सरसकट एक दिवस आधींच्या पडल्या होत्या. यादी करणाऱ्या गृहस्थांनीं त्या जंत्रीवरून काळजीपूर्वक काढिल्या होत्या. वहींत त्या बिनचूक होत्या. संगणकांत गेल्यावर त्या बिघडल्या. कारण असें कीं, वहींत केवळ दिवस होता, वेळ नव्हती. कागदावरहि ती नव्हती. परंतु संगणकाच्या कित्येक प्रणालींस नुसता दिवस पुरत नाहीं, क्षण लागतो. तारीख दिली म्हणजे त्या दिवसाच्या आरंभींची मध्यरात्र त्या आपण होऊन धरितात, आणि तो क्षण ग्रीनिचच्या वेळेंत बदलून ठेवितात. आपली प्रमाण वेळ ग्रीनिचच्या साडेपांच तास पुढें आहे. म्हणून आपल्या मध्यरात्रीस तेथें आदल्या दिवशींचे सायंकाळचे साडेसहा वाजलेले असतात. पुढें कोणी वेळेचा भाग काढून टाकून तारीख तेवढी ठेविली, कीं एक दिवस गेला. पानिपतचा संग्राम पौष शुद्ध ८, शके १६८२, बुधवार, म्हणजे १४ जानेवारी १७६१ रोजीं झाला हें शाळेंतील मुलासहि ठाऊक असतें. या रीतीनें तो १३ जानेवारी, मंगळवारीं होऊन जातो.

सुदैवानें हा प्रमाद आपली खूण मागें ठेवितो. वेळेचा रकाना पुसला गेला नसेल तर तो अवश्य पाहावा. सर्व नोंदींपुढें १८:३० असा एकच आंकडा असेल, तर तो कागदांतला नव्हे, यंत्रानें घातलेला आहे असें खुशाल समजावें. प्रणाली अधिक बहुश्रुत असेल तर हाच आंकडा काळाप्रमाणें बदलतो. १८५४ सालच्या जूनअखेरपूर्वींच्या कागदांपुढें १८:०६:३२, तेथून १८७० पर्यंत १८:०६:४०, पुढें १९०५ अखेर १८:३८:५०, आणि त्यानंतर १८:३०. मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या कांहीं वर्षांपुढें १७:३०. अक्षराच्या वळणावरून व शाईवरून जसा लेखनिक ओळखावा, तसा या सेकंदांवरून हा यांत्रिक लेखनिक ओळखतां येतो.

हे चमत्कारिक आंकडे कोठून आले, हें पाहिल्यावांचून त्यांची योग्यता कळणार नाहीं. जगांतील बहुतेक संगणक व भ्रमणध्वनि वेळेच्या बाबतींत एका सामाईक कोशावर अवलंबून असतात. त्यास टाइम झोन डेटाबेस असें नांव आहे. आर्थर डेव्हिड ओल्सन या अमेरिकन गृहस्थांनीं १९८० नंतरच्या दशकांत तो आरंभिला, पॉल एगर्ट यांनीं पुढें चालविला, आणि २०११ पासून इंटरनेटवरील नांवांची व क्रमांकांची व्यवस्था पाहणाऱ्या आयाना या संस्थेच्या आश्रयानें तो प्रसिद्ध होतो. कोणत्या प्रदेशांत कोणत्या दिवसापासून कोणती वेळ चालू झाली, याची ती एक प्रकारें शकावलीच आहे. आणि तिला जोडलेल्या टीपा आपल्याकडील एखाद्या चांगल्या टीकाग्रंथाप्रमाणें मूळाइतक्याच वाचनीय आहेत. मौजेची गोष्ट अशी कीं, या कोशांतील जुन्या काळाची पुष्कळशी सामग्री फलज्योतिषी लोकांकरितां थॉमस शँक्स यांनीं तयार केलेल्या स्थलकोशावरून आलेली आहे. जन्मपत्रिका करावयाची तर जन्मस्थळीं त्या काळीं कोणतें घड्याळ चालत होतें हें जाणावेंच लागतें. इतर कोणास त्याची इतकी गरज नव्हती. याच सामग्रीवरून २०११ सालीं ज्योतिषाचें सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका अमेरिकन कंपनीनें ओल्सन व एगर्ट यांजवर फिर्याद केली होती. २०१२ सालीं ती क्षमायाचनेसह मागें घेतली गेली. पत्रिकेवांचून आपल्या इतिहासाचें पान हालत नाहीं, तसें पाश्चात्यांच्या संगणकाचेंहि हाललें नाहीं, असें विनोदानें म्हणतां येईल.

असो. या कोशाचा एक नियम आपल्या दृष्टीनें महत्त्वाचा आहे. १९७० नंतर ज्या प्रदेशांतील घड्याळें सारखीं चाललीं, त्या सर्वांस मिळून एकच नोंद दिली जाते. त्यामुळें संबंध भारतास एकच नोंद आहे. ती पूर्वीं कलकत्त्याच्या नांवानें होती, हल्लीं कोलकात्याच्या नांवानें आहे. १९७० पूर्वींचा जो इतिहास त्या नोंदींत दिला आहे तो त्या नांवाच्या शहराच्या अनुरोधानें दिला आहे, तो इतरत्र लागू पडेलच असा भरंवसा धरूं नये, असें कोशकर्ते स्वतःच बजावतात. तेव्हां दोष त्यांचा नाहीं. मूळ वाचून टीप न वाचणाऱ्याचा तो आहे.

मुंबईची गोष्ट घ्या. मुंबईची स्थानिक वेळ ग्रीनिचच्या पुढें ४ तास ५१ मिनिटें. १८७० च्या सुमारास रेल्वेकरितां मद्रासची वेळ प्रचारांत आली, तरी मुंबई आपल्याच वेळेनें चालत होती. १८८१ सालीं मुंबई सरकारनें मद्रासची वेळ शहरास लावून पाहिली; लोकमतापुढें १८८३ सालीं ती मागें घ्यावी लागली. १९०६ पासून हिंदुस्थानची प्रमाण वेळ अमलांत आली, तरीहि मुंबईच्या नगरपालिकेनें आपली एकूणचाळीस मिनिटें मागची वेळ विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सोडली नाहीं. कलकत्त्यानेंहि आपली चोवीस मिनिटें पुढची वेळ १९४८ पर्यंत राखिली होती. याचा अर्थ, १९०६ नंतरच्या मुंबईच्या एखाद्या निमंत्रणपत्रिकेवर सायंकाळचे पांच छापलेले असतील, तर ते कोणाचे पांच हें त्या छापखान्याच्या व सभेच्या रीतीवरून ठरवावें लागेल. आणि त्या काळच्या पत्रिकांवर जेथें मुंबई टाइम किंवा स्टँडर्ड टाइम अशी अक्षरें असतील, तीं यादींतून वगळणें म्हणजे पुरावा नष्ट करणें होय. संगणकाच्या कोशांत मुंबईची वेळ म्हणून कांहींच नाहीं. १८७५ सालच्या मुंबईच्या पत्रांतील दहा वाजणें तो मद्रासचें समजेल, म्हणजे अर्ध्या तासानें चुकेल. आमच्या अहमदपुराचें रेखांश सुमारें ७६ अंश ५६ कला. येथील स्थानिक मध्यान्ह आजच्या घड्याळांत मध्यममानानें बारा वाजून बावीस मिनिटांनीं होतें. १८५४ पूर्वींच्या एखाद्या कागदांतील वेळ अहमदपूरची म्हणून दिली, तरी संगणक ती कलकत्त्याची धरील आणि सुमारें सेहेचाळीस मिनिटांचें, म्हणजे जवळजवळ दोन घटिकांचें अंतर पाडील.

स्थळ बदललें कीं काळ बदलतो, ही गोष्ट आपल्या सिद्धान्तकारांस नवीन नव्हती. सूर्यसिद्धान्तांत लंकेपासून मेरूपर्यंत जाणारी, अवंती व कुरुक्षेत्र यांवरून गेलेली मध्यरेखा सांगून, तिच्या पूर्वेस व पश्चिमेस असलेल्या स्थळांकरितां देशांतरसंस्कार सांगितला आहे. सूर्योदयाच्या कमीजास्तीकरितां चरसंस्कार निराळा. आजचें उज्जयिनीचें रेखांश धरिलें तर अहमदपुराचें देशांतर पूर्वेस सुमारें साडेअकरा पळें निघतें. दिवसाचा आरंभ कोठून धरावा याविषयींहि आपल्याकडे विचार झालेला होता; औदयिक व आर्धरात्रिक असे दोन्ही पक्ष आर्यभटाच्या नांवावर आहेत. कोणत्याहि करणग्रंथांत गणितापूर्वीं स्थळ व आरंभक्षण हीं दोन निश्चित केलेलीं असतात. आपल्या याद्यांत तीं नसतात, हाच फरक.

आतां ज्या कागदावर वेळ स्पष्ट लिहिलेली आहे अशा एका प्रसिद्ध नोंदीकडे वळूं. लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं प्रकाशांत आणिलेल्या जेधे शकावलींत शिवराज्याभिषेकाचा दिवस शके १५९६, आनंद संवत्सर, ज्येष्ठ शुद्ध १२, शुक्रवार असा आहे, आणि तीन घटिका रात्र उरली असतां महाराज सिंहासनावर बसले असें सांगितलें आहे. उलटपक्षीं राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध १३ सच साजरा होतो, आणि इंग्रजी तारीख ६ जून १६७४ दिली जाते, त्या दिवशीं वार शनिवार येतो. नवख्यास यांत विरोध दिसतो. वस्तुतः तो मुळींच नाहीं. आपला वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत. म्हणून तीन घटिका रात्र उरली असतां शुक्रवारच चालू होता. इंग्रजी दिवस मध्यरात्रीं पालटला होता. म्हणून त्यांच्या लेखीं शनिवार उजाडावयाचा होता. तिथीचेंहि तसेंच. शकावलींत द्वादशीपुढें घटी २१, पळें ३४ असे आंकडे आहेत, म्हणजे शुक्रवारीं सूर्योदयानंतर तितक्या काळानें द्वादशी संपून त्रयोदशी लागली होती. दिवसाची तिथि द्वादशी, त्या क्षणाची तिथि त्रयोदशी; दोन्ही पक्ष खरे.

हीच नोंद संगणकांत घालूं गेल्यास काय होतें तें पाहण्यासारखें आहे. जूनच्या मध्यास रायगडीं सूर्योदय तेथील स्थानिक वेळेप्रमाणें साडेपांचाच्या किंचित् आधीं होतो. तीन घटिका म्हणजे बहात्तर मिनिटें. तेव्हां सिंहासनारोहणाचा क्षण स्थानिक सव्वाचारच्या सुमाराचा. आजच्या प्रमाण वेळेंत तो पांचाला सुमारें दहा मिनिटें कमी असा येईल. ग्रीनिचच्या वेळेंत तोच क्षण आदल्या रात्रीं अकरा वाजून वीस मिनिटांच्या आसपासचा होतो, आणि तेथें वार शुक्रवार असतो! आतां एखादा तरुण अभ्यासक शकावलींतील शुक्रवार आणि संगणकांतील शुक्रवार जुळलेले पाहून निःशंक होईल. परंतु हा मेळ काकतालीय आहे. शकावलीचा शुक्रवार उदयाचा, संगणकाचा शुक्रवार ग्रीनिचच्या मध्यरात्रीचा. दोहोंचा एकमेकांशीं कांहीं संबंध नाहीं. चुकीच्या कारणानें जुळलेला वार हा न जुळलेल्या वाराहून अधिक घातक, कारण न जुळलेला वार निदान शोध तरी करावयास लावितो. शिवाय सव्वाचार ही वेळ भारताच्या नांवें दिली असतां संगणक ती कलकत्त्याची स्थानिक वेळ धरील. रायगड व कलकत्ता यांत जवळजवळ एक तासाचें अंतर आहे. त्यावरून ग्रहगणित केलें तर तीन घटिकांच्या जागीं साडेपांच घटिका रात्र उरलेली असेल, आणि लग्न सुमारें अर्ध्या राशीनें मागें पडलेलें असेल. मुहूर्ताची चर्चा करणारांस हा फरक केवढा आहे तें सांगणें नको.

शिवकाळाच्या तारखांस आणखी एक ग्रहण आहे. इंग्रजांनीं १७५२ पर्यंत जुनें ज्यूलियन मान सोडलें नव्हतें. पोर्तुगीजांनीं १५८२ सालींच नवें ग्रेगोरियन मान घेतलें होतें. म्हणजे शिवकाळीं सुरतेच्या इंग्रज वखारवाल्याची व गोव्याच्या पोर्तुगीज कारकुनाची एकाच दिवसाची तारीख दहा दिवसांनीं भिन्न असे. इंग्रजांचें वर्षहि २५ मार्चला पालटत असल्यामुळें, त्यांच्या फेब्रुवारींतील पत्रावरील साल आपल्या हिशेबाहून एकानें कमी असतें. शिवजन्माची फाल्गुन वद्य ३, शके १५५१, शुक्रवार ही तिथि १९ फेब्रुवारी १६३० म्हणून दिली जाते, आणि शासनमान्य जयंती त्याच तारखेस होते. ती तारीख ज्यूलियन मानाची आहे. ग्रेगोरियन मानानें तो दिवस १ मार्च १६३० होय. संगणक मात्र ग्रेगोरियन मान भूतकाळांत मागें मागें नेत असतो. त्यास १९ फेब्रुवारी १६३० चा वार विचारावा, म्हणजे तो मंगळवार सांगेल. १ मार्च विचारावा, म्हणजे शुक्रवार. वारानें तिथीची परीक्षा करण्याची आपली जुनी रीत येथेंहि कशी उपयोगी पडते, हें विचक्षण वाचकांच्या ध्यानांत येईल.

आमच्या मराठवाड्यांतील संग्राहकांस याखेरीज फसलीचा विचार करावा लागतो. अहमदपूर तालुका १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यांत, म्हणजे १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. निजामी फसलीचें अलीकडील वर्ष ऑक्टोबरांत आजूर महिन्यानें सुरू होई. पेशवाई परंपरेची फसली मृगाला, जूनच्या आरंभीं. आंकडा बहुतेक सारखा, पालटण्याचा दिवस निराळा. १९०८ च्या ऑगस्टांतील कागदावर निजामी अमलांत १३१७ आणि मृगसालाप्रमाणें १३१८ असावयाचें. साल कोणत्या कचेरीचें हें पाहिल्याशिवाय त्यांत ५९० मिळविण्याची घाई करणारांनीं कितीएक वतनाचे कागद वर्षभर मागेंपुढें ढकलले असतील. पत्रांतील छ या अक्षरानंतरची चांद्र तारीख मुसलमानी महिन्याची असल्यामुळें तिचा दिवस तत्त्वतः सूर्यास्तीं सुरू होतो. गुरुवारच्या रात्रीस शबे जुमा म्हणतात तें यामुळेंच. म्हणजे सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत लिहिलेल्या कागदाचे तीन परंपरांत तीन प्रकारें दिवस पडूं शकतात. छाप्याच्या, लढाईच्या, मृत्यूच्या बातम्या बहुधा रात्रींच लिहिल्या जातात, हें लक्षांत ठेवावें.

घड्याळच मुद्दाम पुढें करण्याचा प्रकार पाश्चात्यांचा. आपल्याकडे तो युद्धामुळें आला. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत हिंदुस्थानची वेळ एक तास पुढें केलेली होती. त्या काळांतील जन्मवेळेंतून जोशीबुवा अद्यापि एक तास वजा करितात. कुलवृत्तांत तयार करणारांनीं येथें सावध असावें. टिपणांतील वेळ घड्याळांत पाहिलेली आहे, कीं जोशांनीं तास वजा करून मग लिहिलेली आहे, हें आधीं ठरवावें. नाहींतर जोशांनीं एक तास काढलेला असतो आणि संगणक आपल्या कोशाच्या आधारें आणखी एक काढितो. परदेशीं गेलेल्या शाखांच्या नोंदींत तर हा प्रश्न दरसाल उद्भवतो. अमेरिकेच्या बहुतेक संस्थानांत २००७ पासून मार्चच्या दुसऱ्या रविवारीं पहाटे दोनाचे एकदम तीन होतात, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारीं दोनाचा पुन्हा एक होतो. मार्चांत अडीच वाजतच नाहींत. नोव्हेंबरांत दीड दोनदां वाजतो. ज्यास क्षयतिथि व वृद्धितिथि समजतात त्यास हें समजावयास क्षणहि लागूं नये. आपला पंचांगकर्ता वृद्धि झालेली तिथि दोन्ही दिवशीं छापतो. सामान्य प्रणाली मात्र दोन दीडांपैकीं एक मुकाट्यानें निवडते आणि दुसऱ्याचा मागमूस ठेवीत नाहीं. न्यू जर्सींत त्या रात्रीं दीड वाजतां जन्मलेल्या जुळ्यांची वडीलधाकटी ठरविणें केवळ घड्याळावरून शक्य नाहीं.

आमची सूचना थोडक्यांत मांडतों. कागदावर जें जसें आहे तें, तिथि, वार, घटिका, छ, फसली, शुहूर, सर्व अक्षरशः एका रकान्यांत उतरावें, आणि तो रकाना संगणकांत तारखेचा न ठेवितां साध्या मजकुराचा ठेवावा, म्हणजे यंत्र त्यास हात लावणार नाहीं. त्याच्याजवळ स्थळ लिहावें. वेळ कोणत्या मानाची हें कागदावरून कळत असेल तर तेंहि लिहावें. इंग्रजी तारीख निराळ्या रकान्यांत, ज्यूलियन कीं ग्रेगोरियन हें दाखवून, आणि कोणत्या जंत्रीवरून काढली हें नमूद करून. ज्या कागदावर वेळ नाहीं त्याच्या नोंदींत मध्यरात्र शिरूं देऊं नये. रात्रीच्या कागदास उदयाचा वार व मध्यरात्रीचा वार असे दोन्ही द्यावेत. आणि जेथें क्रमवारीसाठीं एकच संख्या हवी, तेथें अहर्गणाचा आश्रय करावा. पाश्चात्य ज्योतिषी ज्यास ज्यूलियन दिनसंख्या म्हणतात ती म्हणजे अहर्गणच. पानिपतच्या दिवसाची ती २३६४२६६ आहे, शिवजन्माच्या दिवसाची २३१६४६५. सातानें भागावें, बाकी शून्य राहिल्यास सोमवार, एक राहिल्यास मंगळवार, याप्रमाणें. पहिलींत बाकी दोन राहते, दुसरींत चार. बुधवार आणि शुक्रवार. या संख्येस स्थळाची वेळ नाहीं, पुढें केलेला तास नाहीं, मानाचा भेद नाहीं.

ज्या संग्राहकांनीं याद्या आधींच चढविल्या आहेत त्यांनीं वार लिहिलेले पांचपंचवीस कागद निवडून संगणकांतील तारखांचे वार त्यांशीं ताडून पाहावेत. ते सर्वत्र एका दिवसानें मागें पडत असतील तर मध्यरात्रीचा दोष समजावा. शिवकालीन नोंदींतच बिघाड असेल तर मानाचा. ताडून होईपर्यंत हातानें लिहिलेल्या जुन्या वह्या रद्दींत घालूं नयेत.